वाळू गार पडते की माणसं? : एमबीए कॉलेजांच्या संस्थाचालकांना आणि संचालकांना खुले पत्र

स. न. वि. वि.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खाजगी एमबीए कॉलेजात मी २१ वर्षं ऑपरेशन्स शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजलाही तितकंच लागू पडतं. शिवाय मला अजून काही वर्षं नोकरी करायची आहे.

मार्च आला की आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा, मेल येतो. सोबत एक्सेल शीट. प्राध्यापकाचं नाव, शोधनिबंध किती, स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसमध्ये किती, इतरत्र किती, आणि पुरावा म्हणून पहिल्या पानाची पीडीएफ. फक्त पहिल्या पानाची. बाकीची पानं कुणी मागत नाही. गेल्या मार्चमध्ये मी माझ्या नावापुढे २ भरले, शेजारच्या केबिनमधल्या सरांनी ७. स्टाफ मीटिंगमध्ये सरांसाठी टाळ्या झाल्या. त्या सातांतला एक तरी इथल्या कुणी वाचलाय का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग माझ्या दोनांचंही तेच विचारलं गेलं असतं, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

आधी माझ्याच घरचं सांगते, म्हणजे मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही हे तुम्हाला कळेल. २०१७ साली बढतीसाठी मला एपीआयचे, म्हणजे कामगिरीच्या मोजपट्टीचे, गुण कमी पडत होते. एका जर्नलला निबंध पाठवला. शुक्रवारी रात्री पाठवला आणि रविवारी दुपारी 'स्वीकारला' असं उत्तर आलं, सोबत २,८०० रुपये भरायचा बँक तपशील. रविवारच्या जेवणानंतर कोणत्या परीक्षकाने तो वाचला असेल, देव जाणे. शेरा एका ओळीचा होता : मार्जिन दुरुस्त करा. मी मार्जिन दुरुस्त केलं, पैसे भरले, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, गुण मिळाले. ते जर्नल तेव्हा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीत होतं. मे २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली, त्यात तेही गेलं. जर्नल गेलं, माझे गुण मात्र राहिले. आजच्या माझ्या पगारात त्या २,८०० रुपयांचं व्याज आहे, आणि दर महिन्याच्या स्लिपवर मला ते दिसतं.

त्याच वर्षी पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली होती. विद्यापीठांनी शिफारस करून यादीत घुसवलेली १,००९ जर्नलं त्यांनी पाहिली. कुणाचा पत्ता चुकीचा, कुणाच्या संपादक मंडळाचा ठावठिकाणा नाही, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या वजनाचा आकडा) स्वतःच छापून घेतलेला. ८८ टक्के जर्नलं निकषांत बसली नाहीत. त्यातून पुढे चांगल्या जर्नलांची नवी, केअर नावाची यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाललं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. चांगलं जर्नल कोणतं हे ज्याने त्याने, म्हणजे प्रत्येक संस्थेने, आपापली पद्धत बसवून ठरवावं, आम्ही फक्त निकष सुचवतो, असं सांगितलं.

मी हे पत्र यूजीसीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, ते यामुळे. इतकी वर्षं काही म्हटलं की तुमचा हात दिल्लीच्या दिशेने जायचा : 'मॅडम, वरून आलंय.' आता वरून काहीच आलेलं नाही. संशोधन कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या टेबलावर येऊन पडलाय. आमच्याकडे त्याचं काय झालं? दोन ओळींचं परिपत्रक निघालं : यापुढे फक्त स्कोपस. म्हणजे एक यादी गेली तर आपण पळत जाऊन दुसरी घेऊन आलो, तीही परदेशातल्या कंपनीची.

आता फाउंड्रीची गोष्ट. खरं तर हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

त्याच २०१७ साली, त्याच निबंधासाठी मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गेले होते. विषय होता लघुउद्योगांतल्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पद्धती. प्रश्नावली इंग्रजी, चार पानांची, ४२ विधानं, प्रत्येकापुढे १ ते ५. मालकांनी ती फोरमनकडे दिली. फोरमनने भट्टीच्या उजेडात चष्मा वर-खाली करत पहिली दोन विधानं वाचली, मग पेन घेऊन वरपासून खालपर्यंत चारच्या रकान्यात एका रेषेत खुणा केल्या. मला परत देताना म्हणाला, 'सगळं चांगलंच चाललंय की मॅडम.' त्याच्या हातात बारीक काळी वाळू होती, ती कागदाला लागली. ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

मग मालक म्हणाले, 'मॅडम, तुमचा कागद भरून दिला. आता आमचं एक बघा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आमचं रिजेक्शन वाढतंय. वाळू गार पडतीय का माणसं गार पडत्यात, तेवढं बघून सांगा की.'

हसू नका. रिजेक्शन म्हणजे बाद निघालेले पार्ट. २१ वर्षांत एखाद्या उद्योजकाने मला विचारलेला इतका चांगला प्रश्न दुसरा नाही. कारखाना एक दिवस बंद राहिला की मोल्डिंगची वाळू, म्हणजे जिच्या साच्यात वितळलेला धातू ओततात ती, थंड होते, सुकते, तिच्यातल्या मातीला पुन्हा पाणी पकडायला वेळ लागतो. हा झाला धातुशास्त्राचा भाग. पण सुट्टीनंतर पहिल्या पाळीला हेल्पर कमी असतात, जुना मोल्डर गावाकडून बारा वाजता उगवतो, वाळूचा ओलावा बघणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याच कामावर लावलेला असतो. हा झाला आमचा, म्हणजे व्यवस्थापनाचा भाग. यातला दोष कुणाचा आणि किती, हे वेगळं काढणं म्हणजेच संशोधन. उत्तर वाळू असेल तर मशीन घ्यावं लागेल. माणसं असेल तर हजेरीचा बोनस नुसता एका दिवसावरून दुसऱ्या दिवशी हलवून भागेल. मालकाच्या दृष्टीने हा लाखांचा फरक आहे.

त्यांनी मला तीन रिजेक्शन रजिस्टरं दाखवली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट. तारीख, पार्टचं नाव, हीट नंबर, किती ओतले, किती गेले, आणि शेवटी कारण : ब्लो होल, कोल्ड शट, सँड. फोरमनने मला वाळू कशी बघतात ते दाखवलं. मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नये. 'आज बरी आहे,' तो म्हणाला. ते 'बरी' म्हणजे नेमकं किती, हे मोजायचं यंत्र कोपऱ्यात होतं, त्यावर डब्याची पिशवी ठेवलेली.

मी पाच महिन्यांच्या पानांचे फोटो काढले आणि दोन रविवार बसून आकडे भरले. सुट्टीनंतर रिजेक्शन खरंच चढत होतं, पण सगळ्या पार्टचं नाही. पातळ भिंतीच्या पार्टमध्ये जास्त, जाडजूड पार्टमध्ये जवळपास काहीच नाही. माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी हे सगळं एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवलं. ते म्हणाले, 'एकच फाउंड्री? एन इज इक्वल टू वन? कोण छापणार हे?' चूक त्यांची नव्हती. मार्च जवळ आला होता. मी प्रश्नावल्या मोजल्या, चारच्या रकान्यातल्या त्या सरळ रेषेसकट १२० भरल्या, विश्लेषण केलं आणि शुक्रवारी रात्री पाठवून दिलं.

दोन वर्षांनी एका लग्नात मालक भेटले. जेवणाच्या पंगतीतच विचारलं, 'मॅडम, ते वाळूचं काय झालं?' मी घरी जाऊन माझा छापील निबंध कुरिअरने पाठवला. इंग्रजीत, ११ पानं. त्यात वाळूचा उल्लेख एकदाही नाही.

आपल्याकडची बहुतेक मॅनेजमेंटची पीएचडी आणि पेपर कसे तयार होतात हे तुमच्यापैकी जे स्वतः प्राध्यापक होते त्यांना ठाऊक आहे. जे कारखानदार किंवा राजकारणी आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक मॉडेल घ्यायचं. सेवेचा दर्जा मोजायचा असेल तर १९८८ चं सर्व्हक्वाल, तंत्रज्ञान लोक का स्वीकारतात हे बघायचं असेल तर १९८९ चं टॅम. दोन्ही अमेरिकेत जन्मलेली, दोन्ही आपापल्या जागी उत्तम. त्यांची विधानं जशीच्या तशी उचलायची, बँकेच्या जागी पतसंस्था घालायची किंवा ऑफिसातल्या ईमेलच्या जागी यूपीआय. गुगल फॉर्म करायचा. तो एमबीएच्या मुलांच्या ग्रुपवर टाकायचा : 'डिअर स्टुडंट्स, काइंडली फिल, टेक्स ओन्ली फाइव्ह मिनिट्स.' मुलं भरतात, कारण इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असतात. आणि मग शीर्षकाच्या शेवटी कोलन देऊन जोडायचं : 'एका उभरत्या अर्थव्यवस्थेतील पुरावा'. सांगली असो, नांदेड असो, रत्नागिरी असो, आपला अख्खा जिल्हा त्या कोलनच्या मागे, शेपटीला. विचार तिकडचा आणि पुरावा तेवढा इकडचा.

आणि तो ३८४ चा आकडा. कुठलाही प्रबंध उघडा, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन बघा, नमुन्याचं आकारमान ३८४ दिसायची दाट शक्यता. हा आकडा हवेतून आलेला नाही. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली की सूत्रातून ३८४.१६ येतो, आणि १९७० साली छापलेल्या एका तक्त्यामुळे तो जगभर गेला. पण सूत्राची एक अट आहे : माणसं यादृच्छिक निवडलेली हवीत, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी. आपण काय करतो? ओळखीच्यांकडून, भाच्याच्या ऑफिसातून, सोसायटीच्या ग्रुपवरून ३८४ जमवतो आणि पुढच्याच परिच्छेदात लिहितो 'सोयीस्कर नमुना पद्धत'. अट मोडली की ३८४ ला काही अर्थ उरत नाही. ते ४० असले काय आणि ४,००० असले काय. व्हायवाला मी चार वेळा हे विचारलं. चारही वेळा गाइडनेच उत्तर दिलं, 'मॅडम, स्टँडर्ड आहे.' पाचव्या वेळी मला बोलावलं नाही.

डबेवाल्यांचं उदाहरण मी वर्गात दर वर्षी घेते. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली केस लिहिली आणि ती जगभर शिकवली जाते. त्याबद्दल तक्रार नाही. केस चांगली आहे, त्यांनी येऊन बघितलं, लिहिलं. मला बोचतं ते दुसरंच. आपल्याकडच्या शेकडो निबंधांत, भाषणांत, पॉवरपॉइंटांत एक वाक्य असतं : 'फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं.' फोर्ब्सने असलं काही, म्हणजे जवळजवळ शून्य चुकांचं प्रमाणपत्र, कधी दिलंच नाही. १९९८ च्या लेखासाठी बातमीदाराने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, चुका किती होतात? ते म्हणाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. त्यावरून बातमीदाराने हिशेब केला, ८० लाख डबे पोचवले की एक चूक. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, हे पुढे त्याने स्वतः सांगितलं. म्हणजे ज्या आकड्यावर आपण २५ वर्षं पेपर छापतोय तो एका माणसाच्या बोलण्यातल्या 'एखादी'वर उभा आहे. दादर किंवा चर्चगेट स्टेशनवर सकाळी अकरा वाजता उभं राहून महिनाभर चुकलेले डबे मोजणं, हे आपल्या कुठल्याही कॉलेजला परवडलं असतं. लोकलचा पास आणि एक वही, एवढाच खर्च. एकमेकांचा उतारा काढणं त्याहून स्वस्त पडलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बोलायला ठीक, पण रँकिंगचं काय? एनआयआरएफ या सरकारी रँकिंगच्या मॅनेजमेंट यादीत संशोधनाला १०० पैकी ३० गुण आहेत आणि तिथे स्कोपस, वेब ऑफ सायन्समधलेच निबंध मोजतात. खरं आहे. पण जरा आपापसांत मोकळेपणाने बोलू. तुमच्या-माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजाने पहिल्या शंभरात यायची शक्यता किती? अहमदाबाद, बंगळुरू, कोलकात्याच्या आयआयएमना ती स्पर्धा खेळू दे. त्यांच्याकडे माणसं आहेत, वेळ आहे, डेटाबेस आहेत. आपल्याकडे जर्नल वाचायलाही मिळत नाही. केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांना ६,००० कोटी मंजूर केले, सुमारे १३,००० जर्नलं उघडली, ती सरकारी संस्थांना. खाजगी विनाअनुदानित एमबीए कॉलेज त्या दाराबाहेर. जे आपल्याला वाचता येत नाही त्यात छापून आणायचं, असा हा हट्ट आहे.

आणि हट्ट पुरवणारे बाजारात बसलेत. मला आठवड्याला दोन तरी मेसेज येतात : 'स्कोपस क्यू-टू, टॉपिक रेडी, तिसऱ्या नावाची जागा शिल्लक, १२ हजार.' रिकामी जागा, जशी ट्रॅव्हल्सच्या गाडीत. विषय वाचला तर एकदा पुरवठा साखळी आणि ब्लॉकचेन, एकदा महिला बचत गट आणि मशीन लर्निंग. जगात याचा निकाल लागू लागलाय. २०२३ साली विली या प्रकाशकाने आपल्या हिंदावी शाखेतले ८,००० हून जास्त निबंध मागे घेतले. एनआयआरएफनेही २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायला सुरुवात केली आहे. म्हणजे ज्या सातासाठी टाळ्या वाजल्या त्यातले दोन-तीन उद्या उणे होऊन परत येऊ शकतात. तेव्हा मीटिंगमध्ये काय वाजवायचं ते आतापासून ठरवून ठेवा.

वेळेचं एक वाक्यात सांगते. यूजीसीच्या नियमाने सहयोगी प्राध्यापकाला आठवड्याला १४ तास थेट शिकवणं. आमच्याकडे ते १८, वर मे-जूनमध्ये ज्युनिअर कॉलेजं फिरून प्रवेशाचं टार्गेट, आणि त्याच वर्षात दोन स्कोपस.

आपल्या मातीत हे काम कधी झालंच नाही असं मात्र कृपा करून कुणी म्हणू नये. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. एमबीए हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी छापली : आंबा, संत्रं कुठून येतं, कोण आडत घेतो, वाटेत किती सडतं. १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी. बस कोण चालवतं, कर्ज कुणाचं, टायरला किती, फेरीला किती. याला आज आपण ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन म्हणतो. तेच गाडगीळ पुढे विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, आणि १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली तेव्हा तिचेही ते पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे गुण कुठल्या शीटमध्ये भरले असते? आणि खुद्द आयआयएम अहमदाबादचं बघा. तिथले पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई १९७२ मध्ये आपणहून खुर्ची सोडून प्राध्यापक झाले आणि १९७५ पासून राजस्थानातल्या जवाजाला विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर काम करत राहिले. संचालकपद सोडून! आमच्याकडे संचालकांची केबिन रंगवायला काढली तरी बैठक बोलावतात. (हे वाक्य गाळावं असं नवऱ्याने सुचवलं होतं. ठेवते.)

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. नवीन काहीच आणायचं नाही, जे रद्दीत जातं ते तेवढं वाचवायचं.

आमची प्रवेशक्षमता १२०. दर वर्षी १२० मुलं-मुली दोन-दोन महिने कुठल्या ना कुठल्या कंपनीत, पतसंस्थेत, दूध संघात, पॉवरलूमवर इंटर्नशिप करतात आणि येताना रिपोर्ट आणतात. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, शेवटी शिफारशी : कंपनीने जाहिरात वाढवावी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. दोन वर्षांपूर्वी लायब्ररीत जागा हवी म्हणून जुने रिपोर्ट विकले. मी तिथेच उभी होते. रद्दीवाला खाली बसून एकेक रिपोर्ट घ्यायचा, गुडघ्यावर ठेवून पुठ्ठा टरकावून बाजूला टाकायचा, आतला कागद काट्यावर. 'जाड पुठ्ठ्याला भाव नाय ताई, त्यावर प्लॅस्टिक हाय.' दहा वर्षांची, हजारभर तरुण माणसांची, दोन-दोन महिन्यांची हजेरी टेम्पोत मावली.

समजा या १२० जणांना १२० वेगळे विषय न देता एका वर्षी एकच प्रश्न दिला. जिल्ह्यातल्या छोट्या कारखान्यांचे पैसे मोठ्या कंपन्यांकडे किती दिवस अडकतात? कायदा म्हणतो जास्तीत जास्त ४५ दिवस. प्रत्येकाने आपल्या कंपनीची बिलं आणि जमा तारखा बघायच्या, नावं झाकून एका शीटमध्ये भरायच्या. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा. पाच वर्षांत हाती काय येईल विचार करा. अशी माहिती या जिल्ह्याबद्दल कुठल्याही परदेशी विद्यापीठाकडे नसेल, आणि मग स्कोपसच काय, त्याच्या वरचे लोक तुमच्याकडे ती मागायला येतील. शिवाय मुलांना पहिल्यांदा कळेल की बिल आणि पैसे यांच्यामध्ये एक अकाउंटंट बसलेला असतो आणि तो चहा पीत असतो.

इंग्रजीत लिहू नका असं मी म्हणत नाही. जगाला सांगायचं ते इंग्रजीत सांगावंच लागेल. पण ज्यांच्या दुकानात, कारखान्यात, वाफ्यात बसून आपण माहिती घेतली, त्यांना दोन पानं मराठीत परत दिली पाहिजेत, आणि ती दिल्याशिवाय निबंध शीटमध्ये धरू नये, एवढा नियम तुमच्या एका सहीने होतो. त्या दोन पानांत 'कोरिलेशन' लपत नाही. सुट्टीनंतर रिजेक्शन का वाढतं हे फोरमनला समजेल असं लिहायला बसलं की आपल्यालाच किती कळलंय ते अर्ध्या तासात उघडं पडतं. मी करून बघितलंय. अर्धं पान झालं आणि थांबले.

आणि तीन वर्षांतून एक काम मागा, दर वर्षी दोन नकोत. त्या तीन वर्षांत मी कुठे गेले, किती वेळा गेले, कच्चे आकडे कुठे ठेवले, कुठला अंदाज चुकला, हे सगळं दाखवायला सांगा. पहिल्या पानाची पीडीएफ मागू नका, वही मागा. वही खोटी करणं प्रमाणपत्र विकत घेण्यापेक्षा बरंच कष्टाचं आहे. काहीजण तेही करतील, मला माहीत आहे. पण १२ हजारांत होणार नाही.

फाउंड्रीचं राहिलं. मालक आता थकलेत, कारखाना त्यांची मुलगी बघते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. रजिस्टरं अजून आहेत, गेल्या चार वर्षांचं तर तिने एक्सेलमध्ये भरून ठेवलंय. ओलावा मोजायच्या यंत्रावरची डब्याची पिशवी तिने काढायला लावली आणि सहा महिने रोज पहिल्या पाळीला आकडा लिहून घेतला. 'बाबा म्हणतात, त्या मॅडमना विचार, त्यांना सगळं माहीत आहे.' मला काहीच माहीत नव्हतं. पण आता बघणार आहे.

त्यासाठी मला सलग बारा आठवडे, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात ते अकरा तिथे उभं राहायचंय. कॉलेजचं बायोमेट्रिक सव्वानऊला बंद होतं आणि पुढे अर्धा दिवस कापतं. म्हणून बारा अर्ध्या दिवसांच्या ड्यूटी लीव्हचा अर्ज मी मागच्या मंगळवारी आवक खिडकीत दिला. कारणाच्या रकान्यात 'संशोधन' लिहिलं होतं. क्लार्क म्हणाला, मॅडम, हे खोडा आणि 'वैयक्तिक काम' लिहा. कॉन्फरन्स आहे, एफडीपी (प्राध्यापकांचं प्रशिक्षण) आहे, परीक्षेचं काम आहे, पण संशोधन असा पर्याय सिस्टीममध्ये नाही.

मी खोडलेलं नाही. अर्ज तसाच वर पाठवला आहे.

आपली,
एक सहयोगी प्राध्यापक